सून त्यांची, मुलगी कोणाची?

तोंडावर सगळे तिला बाई म्हणत आणि पाठ वळली की थर्मामीटर. तिला हे ठाऊक होतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. बावीस वर्षं तिनं ऑडिट करण्यात घालवली होती, त्यातली सतरा कोल्ड स्टोरेज वापरणाऱ्या कंपन्यांच्या मागे. लोकांनी नावं ठेवलीच तर निदान कामावरून ठेवली, एवढं समाधान होतं. त्याच ऑफिसात एकाला ‘जांभई’ म्हणत, आणि तेही बरोबरच होतं.

तिचे वडील कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर सांभाळायचे. शाळा सुटली की ती थेट त्यांच्याकडे जायची, आणि अमोनियाच्या वासानं डोळ्यांना पाणी यायचं त्या मशीनच्या खोलीत बसून पाढे पाठ करायची. भिंतीवर एक रजिस्टर दोरीनं बांधलेलं असे. दर दोन तासांनी वडील प्रत्येक खोलीचं तापमान बघून त्यात लिहीत. हे आकडे सारखे वर-खाली का होतात, असं तिनं एकदा विचारलं. वडील म्हणाले, “दार उघडलं की पारा उडी मारतो, बाळा. माल आत गेला, उडी. माल बाहेर आला, उडी. ज्या खोलीचा पारा उडीच मारत नाही ना, त्या खोलीत कोणी जात नाही.” पुढे ती परीक्षेला बसली, नापास झाली, परत बसली, रीतसर ऑडिटर झाली. पण तिच्या ज्ञानातला जो भाग कुठल्याच पुस्तकात नव्हता, तो त्या दोरीच्या रजिस्टरातला होता.

आता हे ऑडिट म्हणजे काय, तर कंपनीनं वर्षभराचा हिशेब मांडायचा आणि बाहेरच्या माणसानं येऊन तो खरा की खोटा ते सांगायचं. इथवर ठीक. पण त्या बाहेरच्या माणसाची फी कोण देणार? तीच कंपनी. ज्याची झडती घ्यायची त्यानंच झडती घेणाऱ्याला पैसे द्यायचे, वर घासाघीसही करायची, आणि पुढच्या वर्षी याला बोलवायचं की नाही तेही त्यानंच ठरवायचं. हा धंदा ज्यानं कोणी असा रचला त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनवावेत, असं बाईंना फार वाटे. तो काही सापडला नाही.

बाईंकडे वाटाणे गोठवून विकणारी एक कंपनी अकरा वर्षं होती. हिरव्या पिशव्या, त्यावर हसरा वाटाणा. कंपनीचे अध्यक्ष गोड बोलण्यात त्या वाटाण्याला हार जाणारे नव्हते. शिवाय माणूस कुटुंबवत्सल, आणि दुखणं नेमकं तिथंच होतं. खोकी यायची ती सख्ख्या भावाच्या कारखान्यातून. ट्रक मेहुण्याचे. कारखान्याच्या मागची जमीन बायकोच्या नावावर, तिचं भाडं कंपनी भरणार. असे घरातल्या घरात व्यवहार करायला बंदी नाही. मात्र ते अहवालात उघड लिहावे लागतात, म्हणजे बाकीच्या मालकांना कळतं की पैसा घराबाहेर चाललाय की नुसताच या खोलीतून त्या खोलीत. त्यासाठी दरवर्षी अध्यक्षांनी एक फॉर्म भरून द्यायचा असे: बायको, आई-वडील, भाऊ-बहिणी, मुलं, सुना, जावई, आणि त्यांचे कुठकुठले धंदे.

बाकीचे मालक कोण? तर पॅकिंगच्या लायनीवरच्या बायका. सहा वर्षांपूर्वी पगारवाढ मागितली तेव्हा अध्यक्षांनी त्यांना पगार न वाढवता शेअर दिले होते. “आता तुम्ही मालकीणबाई!” असं म्हणून स्वतः टाळ्याही वाजवल्या होत्या.

हे सगळं तपासायला वेळ लागतो. भावाच्या खोक्याचा भाव आणि बाजारातल्या खोक्याचा भाव ताडून बघावा लागतो, मेहुण्याच्या ट्रकनं खरंच किती फेऱ्या मारल्या ते गेटवरच्या वहीतून काढावं लागतं. बाईंना या एका कामाला दरवर्षी नव्वदेक तास लागत. आणि टाइमशीटवर त्या लिहीत सहा.

हो, सहा. बाईंचा मूर्खपणा म्हणायचा तर हाच, आणि तो त्यांनी अकरा वर्षं नेमानं केला. ऑफिसचे थोरले साहेब कंपनीला फी सांगतानाच कमी सांगून येत, मग प्रत्येक कामाला तास मोजून मिळत, आणि ज्याचे तास वर गेले तो ‘स्लो’ ठरे. पण नुसती भीती नव्हती. बाईंना अभिमानही होता. एवढी तज्ज्ञ म्हणवून घ्यायची आणि चार नातेवाइकांना नव्वद तास लावायचे? लोक काय म्हणतील? म्हणून त्या सकाळी लवकर येत, सुट्टीच्या दिवशी फाइली घरी नेत, आणि ते तास मुकाट्यानं गिळून टाकत. ऑफिसातले सगळेच थोडेफार गिळत. बाईंची भूक जरा मोठी होती.

त्यांचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, दारात शिलाई मशीन. बाई फाइल घेऊन बसल्या की ते सुईत दोरा ओवता ओवता म्हणत, “मी उसवायचे वेगळे पैसे घेतो. शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो. तू मात्र फुकटात उसव.”

“तुमचं काय जातंय?” बाई म्हणत.

“माझं काय जाणार? माझी सुट्टीच्या दिवशीची बायको जाते.”

यंदा वाटाण्यांच्या कंपनीनं एक नवं कोल्ड स्टोरेज भाड्यानं घेतलं होतं. सहा मोठ्या खोल्या, भाडं दणदणीत. बाई बघायला गेल्या. दाराशी आत जायचे जाड कोट टांगलेले होते. माल मोजायला आलेल्या पॅकिंगच्या मुकादमबाईनं त्यांना एक कोट स्वतःच्या हातानं घातला, गळ्यापर्यंत चेन लावली.

“नीट बघा हं बाई. आम्हीपण मालकिणी आहोत ना,” ती हसत म्हणाली. “पण यंदा आमच्या हातात काही पडणार नाही म्हणतात. गारव्याचा खर्च वाढला म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“अध्यक्षसाहेब. स्वतः येऊन सांगितलं. फार वाईट वाटलं त्यांना.”

बाईंनी रजिस्टर मागवलं. पहिल्या चार खोल्यांचे आकडे उड्या मारत होते, जसे मारायला हवेत. पाचव्या आणि सहाव्या खोलीचे आकडे मात्र महिनोन् महिने एका रेषेत. उणे अठरा, उणे अठरा, उणे अठरा. कंपनीचे मुख्य हिशेबनीस शेजारीच उभे होते. ते कौतुकानं म्हणाले, “बघा, काय शिस्त आहे!”

बाईंच्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता. कंपनीच्या वह्यांत तर लिहिलं होतं की या दोन खोल्यांतून रोज माल आत-बाहेर होतो. रोज दार उघडतं आणि पारा जागचा हलत नाही? त्यांनी पाचव्या खोलीचं दार उघडायला लावलं. आत दिवा लागला. स्वच्छ जमीन, रिकाम्या फळ्या, आणि एका कोपऱ्यात कोणीतरी विसरलेला झाडू. त्या झाडूला उणे अठरामध्ये ठेवण्यासाठी कंपनी महिन्याच्या महिन्याला भाडं मोजत होती.

“सीझन संपला ना,” हिशेबनीस म्हणाले.

“अकरा महिन्यांपूर्वी संपला का?”

हिशेबनिसांनी पुढे होऊन दिवा मालवला.

“या जागेचे मालक कोण?” बाईंनी विचारलं.

“एक भागीदारी आहे. बाहेरच्यांचीच. आपला त्यांच्याशी काही संबंध नाही.”

“भागीदारीचा करार दाखवा.”

करार यायला तीन दिवस लागले. बाजारातून वाटाणे आणायचे असते तर एवढा वेळ लागला नसता. बाईंनी हिशेबनिसांच्या टेबलाशी बसूनच तो वाचला. दोन भागीदार. पहिला एक वयस्कर गृहस्थ, दुसरी एक बाई, दोघांचं आडनाव एक.

“ही कोण?”

“त्यांची सून आहे हो,” हिशेबनीस चहा ढवळत म्हणाले. “त्यांच्या घरातलं आहे ते, आपल्याला काय करायचंय?”

“सून त्यांची,” बाई म्हणाल्या. “मुलगी कोणाची?”

चहातला चमचा थांबला. पलीकडच्या टेबलावरचा कारकून खुदकन हसला आणि लगेच खाली वाकून काहीतरी शोधू लागला. हिशेबनिसांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

बाईंनी अध्यक्षांचा फॉर्म काढला. ‘मुली’ या रकान्यात एकच नाव होतं आणि त्यापुढे ‘धंदा: नाही’. नाव माहेरचं. करारावरचं नाव सासरचं. पहिलं नाव तेवढं दोन्हीकडे एकच. लग्नाला चार वर्षं झाली होती, लेक नांदत होती, भागीदार म्हणून सह्या ठोकत होती, आणि बापाच्या फॉर्ममध्ये मात्र अजून लग्नाची होती. ‘जावई’ हा रकाना तर कोराच. ज्या जावयाच्या स्वागताला अख्खा कारखाना एक दिवस बंद ठेवला होता, तो फॉर्म भरताना नेमका आठवला नाही.

पुढचे पाच आठवडे बाई त्या दोन खोल्यांच्या मागे लागल्या. विजेची बिलं, गेटवरची वही, हमालांची मजुरी, ट्रकच्या पावत्या, सगळं एकमेकांशी लावून पाहिलं. एकशे चाळीस तास गेले. रिकाम्या खोल्यांचं वर्षाचं भाडं निघालं, आणि ते पॅकिंगच्या बायकांना मागच्या वर्षी मिळालेल्या लाभांशाच्या अगदी जवळपास होतं. तो आकडा बघून बाई जागेवरून उठल्या, खिडकीपाशी गेल्या, आणि एक शिवी हासडली. त्यांना शिव्या फारशा येत नसत. जी आली ती त्यांनी दोनदा वापरली.

मग सभा झाली. लांबलचक टेबल, एका टोकाला अध्यक्ष, कडेला कंपनीच्या ऑडिट कमिटीतले तीन सभ्य गृहस्थ, समोर थोरले साहेब आणि बाई. बाईंनी दोन गोष्टी मागितल्या. लेकीच्या जागेचं भाडं अहवालात लिहायचं, दोन खोल्या रिकाम्या होत्या हेसुद्धा लिहायचं. आणि जादा कामाची जादा फी.

अध्यक्ष रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसून म्हणाले, “बाई, तुम्ही एवढ्या तज्ज्ञ. तज्ज्ञ माणसाचं काम लवकर व्हायला हवं ना? म्हणजे फी कमी व्हायला हवी. इथं उलटंच दिसतंय.”

“तज्ज्ञ माणूस लवकर संपवत नाही,” बाई म्हणाल्या. “कुठं थांबून बघायचं ते त्याला कळतं. नवखा असता तर ते रजिस्टर बघून तुमचं कौतुक करून गेला असता. आणि तुम्ही फॉर्म खरा भरला असता तर माझे निम्मे तास वाचले असते. ही फी माझ्या हुशारीची नाही, तुमच्या लपवाछपवीची आहे.”

थोरल्या साहेबांनी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. बाईंनी पाय बाजूला घेतला.

अध्यक्षांनी मग शांतपणे एक कागद पुढे सरकवला. फी ठरवताना मागच्या वर्षीच्या तासांचा तक्ता थोरल्या साहेबांनीच कंपनीला दिला होता. त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ होती. ‘नातेवाइकांशी व्यवहार: सहा तास.’

“सहा,” अध्यक्ष कमिटीकडे बघत म्हणाले. “भाऊ, मेहुणा, बायको, सगळ्यांना मिळून सहा तास पुरले. यंदा एका मुलीला एकशे चाळीस? आणि दुसरी एक फर्म हेच सगळं निम्म्या फीत करायला तयार आहे. तिचं पत्र आलंय.”

तीन सभ्य गृहस्थांनी माना हलवल्या. बाईंना अध्यक्षांचा राग आला, टेबलाखालच्या पायाचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा. ते सहा त्यांच्याच हातचे होते. अकरा वर्षं त्यांनी स्वतःची अक्कल, स्वतःच्या सुट्ट्या, बापानं शिकवलेली विद्या, सगळं सहाच्या आकड्यात कोंबलं होतं, आणि आता तोच आकडा या माणसानं त्यांच्या तोंडावर मारला होता. किती वेळ लागतो हे जगाला कळूच दिलं नाही, तर जग त्याचे पैसे कशाला देईल?

बाहेर पडल्यावर जिन्यातच थोरले साहेब म्हणाले, “हे बघा, फी जुनीच ठेवू. तुमचे तास ‘प्रशिक्षण’ या नावाखाली टाका. आणि अहवालात एक मोघम वाक्य लिहू, की काही व्यवहार नेहमीच्या पद्धतीनं झाले. ते खूश, आपलं गिऱ्हाईक शाबूत.”

“प्रशिक्षण कोणाचं झालं?” बाईंनी विचारलं.

“अहो, नावापुरतं.”

“साहेब, त्या मुकादमबाईनं मला स्वतःच्या हातानं कोट घातला.”

“त्याचा इथं काय संबंध?”

“तिला गारव्याचा खर्च म्हणून सांगितलंय. तिच्या पैशानं एक झाडू गार ठेवलाय यांनी.”

त्या दिवशी बाई घरी फाइल घेऊन गेल्या नाहीत. ऑफिसातच बसल्या आणि त्यांनी टाइमशीट भरली. एकशे चाळीस तास, दिवसवार, एकही न गिळता. कामाच्या रकान्यात लिहिलं: ‘अध्यक्षांनी फॉर्ममध्ये न दाखवलेल्या मुलीशी झालेल्या व्यवहाराची तपासणी.’ खाली सही केली. आपल्या सगळ्या कागदांवर ‘काम अपूर्ण’ असा शेरा मारला, आणि दोन्ही गोष्टी अहवालात आल्याशिवाय तो खोडणार नाही असं साहेबांना सांगून आल्या. असा शेरा फाइलमध्ये असताना अहवालावर सही करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं होतं, आणि साहेब स्वतःच्या पायांची फार काळजी घेत.

अहवाल निघाला. सत्तेचाळिसाव्या पानावर, बारीक टायपात, अध्यक्षांची मुलगी, तिची भागीदारी, भाड्याची रक्कम, आणि दोन खोल्या वापरात नव्हत्या, असं सगळं छापून आलं. जादा फी अर्थातच मिळाली नाही. कंपनीनं त्या वर्षीच ऑडिटचं ऑफिस बदललं. निम्म्या फीतली फर्म आली. थोरले साहेब महिनाभर बाईंशी बोलले नाहीत आणि ‘जांभई’ला बढती मिळाली.

यजमान म्हणाले, “उसवलंस ना? बास.”

“पैसे कुठं मिळाले?”

“लिहून तर ठेवलेस. माझं निम्मं गिऱ्हाईक उधारीवरच आहे.”

बाईंना हसू आलं, पण राग काही गेला नाही. तो वर्षभर टिकला.

पुढच्या वर्षी एका दुपारी फोन वाजला. वाटाण्यांच्या कंपनीचा नवा ऑडिटर बोलत होता. चाळिशीचा, आवाजानं भला माणूस, आजवर सगळं काम बँकांचं केलेलं. जुन्या ऑडिटरला काही विचारायचं तर कंपनीची परवानगी लागते. ती कंपनीनं पहिल्याच दिवशी सही करून दिली होती. नव्या माणसाला काय विचारायचं ते कळणारच नाही, अशी त्यांची खात्री असावी.

“नमस्कार, मॅडम. एक रीत म्हणून फोन केला,” तो म्हणाला. “मागच्या वर्षीच्या अहवालातली ती मुलीची टीप. ती यंदा लागणार नाही असं अध्यक्ष म्हणतात. मुलगी भागीदारीतून निवृत्त झाली. आता एकटे तिचे सासरेच मालक आहेत, आणि फॉर्ममध्ये व्याही असा रकानाच नाहीये.”

“भागीदारीतून निवृत्त झाली,” बाई म्हणाल्या. “मुलगी असण्यातूनही निवृत्त झाली का?”

तो अवघडून हसला. “नाही, म्हणजे नियमाप्रमाणे... बाकी जागा मी बघितली, मॅडम. उत्तम आहे. आता तर सहाच्या सहा खोल्या वापरात आहेत म्हणतात. रजिस्टर बघून खूश झालो. पाचव्या-सहाव्या खोलीचं तापमान वर्षभर एका अंशानंही हललेलं नाही. काय शिस्त आहे!”

बाईंनी डोळे मिटले. बँकांची तिजोरी ओळखणारा हा माणूस निम्म्या फीत आला होता, आणि त्या निम्म्या फीत काय येत नाही ते त्यालाच ठाऊक नव्हतं. ओठावर सगळं आलं होतं. पारा, उडी, झाडू, विजेची बिलं. सांगायला दहा मिनिटं लागली असती. बाई नेहमीप्रमाणे सांगून मोकळ्या झाल्या असत्या, त्यानं नेहमीप्रमाणे कुठंच लिहिलं नसतं, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा टेबलावर सहाचा आकडा सरकवला असता.

“तुमची टाइमशीट जवळ आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे की. का?”

“या कामाला तास किती धरलेत?”

तो जरा घुटमळला. “चार.”

“पेन घ्या. आत्ता दोन वाजून वीस मिनिटं झालीत. वेळ लिहा. कामाच्या रकान्यात लिहा: मुलगी. चार खोडा आणि पुढची जागा मोकळी ठेवा, बरीच लागेल.”

पलीकडे कागदाची सळसळ झाली.

“लिहिलं, मॅडम.”

“वाचून दाखवा.”

त्यानं वाचून दाखवलं. बाईंनीही आपली टाइमशीट पुढे ओढली, तीच वेळ तीत टाकली, आणि मग बोलायला सुरुवात केली. “आता ऐका. दार उघडलं की पारा उडी मारतो.”